लायनर बदलला की बंदूक बदलते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पहिलीच भारी पीसीपी, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या उच्च दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल घेतोय. एका मॉडेलमध्ये नुसता लायनर बदलून .१७७, .२२, .२५ आणि .३० अशी चारही कॅलिबर (नळीच्या भोकाची इंचातली मापं) मारता येतात, शिवाय पुढे नवे भाग निघाले की तेही बसवता येतात असं सांगतात. दुसरं मॉडेल एकाच कॅलिबरचं, जाड अखंड नळीचं आहे. पहिलं घेतलं तर आयुष्यभराची सोय होईल का?"

आधी सरळ उत्तर देतो. एका बंदुकीतून चार कॅलिबर मारायची म्हणून लायनरवाली घेत असाल, तर घेऊ नका. एकच कॅलिबर मारायचं आहे, पण त्यात आपल्या छर्ऱ्याला जुळणारी नळी शोधायची मोकळीक हवी आहे, असं असेल तर जरूर घ्या. दोन्ही कारणं वरवर सारखी वाटतात, पण पहिल्या कारणाने घेतलेल्या बंदुका कपाटात पडून राहिलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात.

लायनर म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ. नेहमीची नळी म्हणजे पोलादाचा एक जाड दांडा, आतून भोक पाडलेला आणि त्यात छर्ऱ्याला फिरकी देणारे पेच कापलेले. लायनरच्या रचनेत पेच असलेली पातळ नळी वेगळी असते आणि तिला सरळ धरून ठेवणारी बाहेरची जाड नळी वेगळी. पातळ नळी आत सरकवायची, मागे ती एका कडेला टेकते, पुढून नटाने ती आवळायची आणि मध्ये ओ-रिंगांनी, म्हणजे रबरी कड्यांनी, तिला आधार द्यायचा. कल्पना तशी जुनी आहे. युद्धनौकांच्या मोठ्या तोफा झिजल्या की त्यांचं आतलं अस्तर बदलत असत, सबंध तोफ टाकून देत नसत. पण तिथे कारण झीज हे होतं. एअर रायफलमध्ये मऊ शिसं आणि थंड हवा, त्यामुळे नीट वापरलेली नळी तुमच्या हयातीत झिजत नाही. म्हणजे इथे लायनर बदलायचा तो निवडीसाठी.

एअर रायफलमध्ये ही पद्धत लोकप्रिय केली ती स्वीडनच्या एफएक्स कंपनीने. आधी त्यांची स्मूथ ट्विस्ट नळी होती: बहुतेक लांबी आतून गुळगुळीत आणि पेच फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या भागात, तेही कापलेले नसून पातळ नळीवर बाहेरून दाबून उठवलेले. नळी बाहेरून दाबून पेच पाडता येत असतील तर ती पातळच असणार, आणि पातळ असेल तर ती बदलती ठेवता येईल, हा त्यातूनच निघालेला विचार. २०१८ च्या सुमारास क्राउन रायफलबरोबर बदलता येणारे लायनर आले आणि मग इम्पॅक्टमध्येही. डेस्टेटच्या डेल्टा वुल्फसारख्या बंदुकांनी दुसरा रस्ता धरला: लायनर नाही, सबंध नळीच बदला. दोन्ही रस्ते चांगले आहेत. सबंध नळी महाग पडते, पण तिच्यात सांधे कमी असतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नळी बदलली म्हणजे बंदुकीचा एक भाग बदलला. छर्रा ढकलणारी हवा, ती सोडणारा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हवर आपटणारा हॅमर आणि त्यामागची स्प्रिंग तशीच आहे. साधं गणित करून पाहू. .१७७ चा नेहमीचा छर्रा ८.४४ ग्रेनचा, म्हणजे ०.५४७ ग्रॅम. .२२ चा १८.१३ ग्रेनचा, १.१७५ ग्रॅम. .२५ चा २५.३९ ग्रेनचा, १.६४५ ग्रॅम. .३० चा ४४.७५ ग्रेनचा, २.९ ग्रॅम. चारही सेकंदाला २७० मीटर वेगाने मारायचे ठरवले तर लागणारी ऊर्जा अनुक्रमे सुमारे २०, ४३, ६० आणि १०६ ज्यूल. .२२ वरून .३० वर जायचं म्हणजे अडीचपट ऊर्जा. ती फुकट येत नाही, हवेतूनच काढावी लागते. हवेच्या ज्या बाटलीत .२२ चे साठ बार होतात, तिच्यात .३० चे साधारण चोवीस होतील, हा नुसता भागाकार आहे.

दुसरीकडून बघा. ६०० मिमी लांबीच्या .२२ नळीच्या आतली जागा सुमारे १४ घन सेंमी भरते, तेवढ्याच लांबीच्या .३० नळीची सुमारे २७. जवळपास दुप्पट पोकळी भरायची, तर रेग्युलेटर (बाटलीतला दाब उतरवून एकसारखा ठेवणारा भाग) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली हवेची कोठी, जिला प्लेनम म्हणतात, ती मोठी असावी लागते. नाहीतर छर्रा नळीच्या अर्ध्यात पोचेपर्यंत दाब पार पडलेला असतो. हॅमर स्प्रिंग कितीही ताणा, कोठीत नसलेली हवा ती कुठून आणणार?

म्हणून "फक्त लायनर बदलून" या शब्दांवर माझा आक्षेप आहे. कॅलिबर बदलताना लायनरबरोबर मॅगझिन बदलतं, छर्रा नळीत ढकलणारी पिन बदलते, तिची ओ-रिंग बदलते, बऱ्याच बंदुकांत हवेचा मार्गही बदलावा लागतो. मग रेग्युलेटरचा दाब नव्याने लावायचा, हॅमर स्प्रिंग नव्याने जुळवायची, दुर्बीण नव्याने झीरो करायची, म्हणजे छर्रा लागतो त्या जागेशी जुळवायची, आणि कोणत्या अंतराला नेम किती उंच धरायचा याचा त्या कॅलिबरचा तक्ता पुन्हा मारून पाहायचा. पहिल्यांदा करताना अर्धा दिवस जातो, हात बसल्यावरही दोन तास. शनिवारी .२२ आणि रविवारी .३० असं स्वप्न असेल तर त्यात लायनर बदलायला लागणारी दहा मिनिटंच धरलेली असतात, पुढचं काहीच धरलेलं नसतं.

जुळवणीचा क्रम सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आधी रेग्युलेटरचा दाब ठरवा आणि त्याला हात लावणं बंद करा. मग हॅमर स्प्रिंग सैल ठेवून क्रोनोवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाच-पाच बार मारा आणि थोडी थोडी आवळत जा. वेग चढत जातो, चढत जातो आणि एका जागी थांबतो. तिथून पुढे आवळलं तर वेग वाढत नाही, फक्त हवा वाया जाते आणि आवाज वाढतो. त्या शिखरावरून मागे या, वेग तीन ते पाच टक्के उतरेल इतकं. या जागी बंदूक सगळ्यात एकसारखी चालते. शिखराच्या फार खाली राहिलात तर हॅमरच्या ठोक्यातला बारीकसा फरकही वेगात दिसतो. एका वेळी एकच गोष्ट फिरवायची आणि प्रत्येक फिरकी वहीत लिहायची. दाब आणि स्प्रिंग एकदम फिरवणाऱ्याला काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कधीच कळत नाही.

लायनर बसवण्यातली बारीक गोष्ट किती भोवते याचं एक उदाहरण देतो. एका नेमबाज मित्राने त्याच्या रायफलचा लायनर .२२ वरून .२५ केला, महिनाभर वापरला आणि परत .२२ बसवला. आधी सरासरी वेग सेकंदाला २७० मीटर होता आणि सर्वांत कमी-जास्तीत तीन मीटरचा फरक. परत बसवल्यावर वेग २५८ आणि फरक अकरा मीटरचा. त्याने रेग्युलेटरवर संशय घेतला, दाब वाढवला. मग स्प्रिंग आवळली. ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा घोळका, आणखी फाटला. बंदूक माझ्याकडे आली तेव्हा मी आधी टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी नळीच्या मागच्या तोंडाजवळ चिकटवली आणि सुरक्षित दिशेला लक्ष्यावर एक बार मारला. पट्टी फडफडली. म्हणजे हवा छर्ऱ्यामागे न जाता मागून निसटत होती. बंदुकीतली हवा सोडली, लायनर बाहेर काढला. मागच्या ओ-रिंगवर कापलेल्या नखाएवढी चंद्रकोर निघालेली. हवा जिथून नळीत शिरते त्या छिद्राची कडा धारदार असते. लायनर कोरडा, सरळ आणि जोरात आत ढकलला की रिंग त्या कडेवर सोलून निघते. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावला, लायनर बोटांनी किंचित फिरवत फिरवत आत नेला आणि दाब-स्प्रिंग दोन्ही त्याच्या वहीतल्या जुन्या आकड्यांवर आणले. पहिल्या पाच बारांची सरासरी २६९. एवढ्याशा रबरासाठी तो पंधरा दिवस रेग्युलेटर खोलत बसला होता.

म्हणून लायनरवाली बंदूक घेणाऱ्याने ओ-रिंगांचा पूर्ण संच जवळ ठेवावा आणि कोणती रिंग कुठली हे लिहिलेल्या छोट्या पिशव्यांत ठेवावा. दिसायला सारख्या दोन रिंगांत जाडीचा थोडासाच फरक असतो, पण तेवढ्याने गळती होते.

आता नेमाचा प्रश्न. लायनर काढून तोच परत बसवला तर झीरो तिथेच राहतो का? जवळपास राहतो, तंतोतंत राहत नाही. कारण भूमितीत आहे. ६०० मिमी लांबीच्या नळीचं तोंड ०.१ मिमी बाजूला गेलं, म्हणजे साध्या कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढं, तर ५० मीटरवर नेम सुमारे ८ मिमी सरकतो. लायनर पूर्ण टेकलेला नसणं, आधाराची एखादी रिंग मुडपणं, पुढचा नट कधी कमी तर कधी जास्त आवळणं, एवढ्याने हा कागदाचा पदर सहज तयार होतो. नट आवळताना म्हणूनच टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना, वापरा आणि निर्मात्याने दिलेला आकडा पाळा. आकडा दिलेला नसेल तर स्वतःचा ठरवा, पण दर वेळी तोच ठेवा. तापमानाचंही भान ठेवा. बाहेरची नळी ॲल्युमिनियमची आणि आतला लायनर पोलादाचा असेल, तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ६०० मिमी लांबीवर १५ अंशांच्या फरकाला दोघांच्या लांबीत सुमारे ०.१ मिमी तफावत पडते. दोन्ही टोकांना आवळून धरलेल्या लायनरवरचा ताण तेवढ्याने बदलतो. कार्बन फायबरच्या नळीत उलटं होतं: पोलाद पसरतं आणि कार्बन जवळपास जागचा हलत नाही. सकाळचा झीरो दुपारी थोडा सरकला तर लगेच दुर्बिणीला दोष देऊ नका.

लायनरवर कार्बन फायबरचं आवरण चढवलेले प्रकार निघाले ते यासाठीच. पातळ नळी बार सुटताना थरथरते. तिला भरपूर लांबीवर आधार मिळाला तर थरथर कमी होते आणि ग्रुप छर्ऱ्यागणिक कमी बदलतो. लायनरच्या बाबतीतली आजवरची सगळ्यात उपयोगी सुधारणा कोणती असं विचाराल तर मी हीच सांगेन.

मग लायनरचा खरा फायदा कुठे? पेचांच्या निवडीत. छर्रा, म्हणजे कमरेत बारीक आणि मागे घागऱ्यासारखा पसरलेला डायबोलो, हा मुख्यतः मागच्या पोकळ घागऱ्याच्या हवारोधामुळे सरळ राहतो. त्याला फिरकी थोडीच पुरते. एअर रायफलच्या नळ्यांमध्ये साधारण ४०० ते ४५० मिमीत एक फेरा हे प्रमाण वर्षानुवर्षं रुळलेलं आहे, ते त्यासाठीच. स्लगचं तसं नाही. स्लग म्हणजे गोळीसारखा भरीव नळकांडी आकार. त्याला घागरा नाही, तो फक्त फिरकीवर सरळ राहतो. त्याला जलद पेच लागतात, म्हणजे कमी लांबीत एक फेरा. फिरकी कमी पडली तर तो हवेत डुगडुगतो आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक दिसतं. उलट छर्ऱ्याला गरजेपेक्षा जास्त फिरकी दिली तर २५ मीटरवर ग्रुप देखणा आणि ७० मीटरच्या पुढे अचानक विखुरलेला, असा प्रकार होतो. छर्ऱ्याचं नाक त्याच्या वाटेबरोबर खाली वळत नाही आणि तो वाटेवर मळसूत्र काढत जातो.

एकाच .२२ बंदुकीत छर्ऱ्यासाठी एक लायनर आणि स्लगसाठी दुसरा, ही सोय अखंड नळीवाल्याला मिळत नाही, आणि माझ्या मते लायनरची खरी किंमत इथे वसूल होते. इथेही घाई नको. स्लगचं माप फार नाजूक असतं. .२२ मध्ये .२१७ आणि .२१८ इंच असे दोन्ही व्यास मिळतात, म्हणजे ५.५१ आणि ५.५४ मिमी. फरक ०.०२५ मिमीचा. एका लायनरला पहिला आवडतो, दुसऱ्याला दुसरा. लायनर बाहेर काढता येतो याचा इथे मोठा उपयोग होतो. टेबलावर उभा धरून मागून स्लग किंवा छर्रा बोथट लाकडी काडीने हळूहळू पुढे ढकला. सुरुवातीला पेचात शिरताना अडकतो, मग एकसारखा सरकतो आणि तोंडाजवळ चोक, म्हणजे किंचित अरुंद केलेला भाग, असेल तर पुन्हा जरा घट्ट लागतो. मध्येच सैल जागा लागली किंवा खरखर जाणवली तर तो लायनर परत करा. अखंड नळीचीही ही परीक्षा होते, पण ती परत करायची म्हणजे सबंध बंदूक पाठवावी लागते.

हा दुसरा फायदा लोक विसरतात. नळ्यांमध्ये नशिबाचा भाग असतो. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी तयार झालेल्या दोन नळ्या सारख्या मारत नाहीत. अखंड नळीच्या बंदुकीत नळी नावडती निघाली तर तुम्ही छर्रे बदलत राहता, वेग बदलत राहता आणि शेवटी बंदूक विकता. लायनरवाल्यात नवा लायनर मागवता.

"पुढे नवे भाग बसवता येतात" या आश्वासनाबद्दल. ते खरं आहे, पण कोणता भाग खरंच उपयोगी ते ओळखायला हवं. मोठा प्लेनम उपयोगी आहे. त्याने कमी दाबावर तोच वेग मिळतो, आणि कमी दाबावर व्हॉल्व्ह उघडायला सोपा जातो, बार एकसारखे येतात. चांगला रेग्युलेटर उपयोगी आहे. बार मारून बंदूक तासभर ठेवल्यावर पहिला बार उंच जात असेल तर तो दाब वर सरकत असल्याची खूण असते, आणि तिथे खर्च करणं रास्त आहे. चांगला ट्रिगर उपयोगी आहे. रंगीत नट, जास्तीच्या रेल आणि वजनदार कड्या यांनी बंदूक जड होते, नेम सुधारत नाही. आणि प्रत्येक नवा भाग म्हणजे जुळवणीचा नवा डाव. वर्षात तीन वेळा भाग बदलणाऱ्याने वर्षभर बंदूकच जुळवलेली असते, नेमबाजी शिकलेली नसते. हे मी रागाने सांगत नाही, काळजीने सांगतो. चांगले हात यात वाया गेलेले पाहिलेत.

तुमचा खेळ कुठला हेही ठरवा. दहा मीटरच्या स्पर्धेत कॅलिबर ४.५ मिमीच असतं आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तिथल्या बंदुकांच्या नळ्या अखंड असतात, आणि लोक लायनर नव्हे तर ४.४८ ते ४.५२ मिमी डोक्याचे वेगवेगळे छर्रे तपासून आपल्या नळीचा छर्रा शोधतात. फील्ड टार्गेटमध्ये, म्हणजे मैदानात वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं पाडण्याच्या खेळात, ऊर्जेची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल असेल, तर .३० चा विचारच सोडा. या दोन्हींपैकी काही करायचं असेल तर अखंड नळीची बंदूक घ्या. ५० ते १०० मीटरवर बेंचरेस्ट, म्हणजे बंदूक टेबलावर टेकवून नेमबाजी, किंवा स्लगचे प्रयोग करायचे असतील तर लायनरवाली.

घेण्याआधी विक्रेत्याला "किती कॅलिबर बसतात" हे विचारू नका. लायनर काढून परत बसवल्यावर नेम किती सरकतो ते तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा: आधी पाच बार, लायनर काढा, बसवा, पुन्हा पाच. तुम्हाला हव्या त्या कॅलिबरची पिन, मॅगझिन आणि ओ-रिंगा आज हातात मिळतात का, ते पाहा. मागच्या पिढीच्या बंदुकीत या वर्षीचा लायनर बसतो का, हेही विचारा. पुढे भाग मिळत राहतील की नाही, याचा अंदाज कंपनीने मागच्या ग्राहकांना कसं वागवलं त्यावरूनच येतो. आणि जास्त ऊर्जेच्या कॅलिबरला तुमच्याकडच्या कायद्यात वेगळा परवाना लागतो का, हे दुसरा लायनर विकत घेण्याआधी तपासा. बंदूक तीच राहिली तरी लायनरने तिची ऊर्जा बदलते आणि कायद्यातला वर्गही बदलू शकतो.

सुरक्षेचं मी दर वेळी सांगतो. लायनरला हात लावण्याआधी मॅगझिन काढा, नळी रिकामी आहे हे स्वतः पाहा आणि बंदुकीतली हवा निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने पूर्ण सोडा. दोन्ही प्रेशर गेज शून्यावर आहेत हे बघितल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही. २५० बार (इथे बार हे दाबाचं माप) दाबाखालचा भाग सुटला तर तो माणसाला गंभीर जखमी करतो. हवेच्या बाजूला साधं तेल किंवा पेट्रोलियम ग्रीस कधीही लावू नका. उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम जाणवेल एवढंच.

सफाई मागून पुढे, मऊ फेल्टने, दोरी ओढून करा. पोलादी गज तोंडाकडून घालू नका, तोंडाच्या कडेला पडलेला ओरखडा निघत नाही. सफाईनंतर पहिले वीस-तीस बार नेम भटकतो. पेचांवर शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत असं होतं, तेवढ्यावरून लायनर खराब ठरवू नका.

तुमच्या जागी मी असतो तर .२२ ची लायनरवाली घेतली असती, सोबत आलेला छर्ऱ्याचा लायनर तसाच ठेवला असता, एक क्रोनो आणि एकाच जातीचे छर्ऱ्यांचे दहा डबे घेतले असते. पहिले दोन हजार बार नट-स्क्रूला हात न लावता मारायचे. स्लगचा लायनर त्यानंतर.